प्रो कन्सोल, साधा कन्सोल की हॉलमधला पीसी: पैसे कुठे घालावेत आणि जुळवणी कशी करावी

सोनीचा पीएस५ प्रो (प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलची जास्त ताकदीची आवृत्ती) ७ नोव्हेंबर २०२४ रोजी बाजारात आला. अमेरिकेत तेव्हाची किंमत ६९९.९९ डॉलर, आत २ टीबीची एसएसडी (गेम साठवणारी वेगवान ड्राइव्ह), डिस्क ड्राइव्ह मात्र वेगळा विकत घ्यायचा. भारतात तो तेव्हा अधिकृतपणे आलाच नाही, कारण त्यातलं वाय-फाय ७ ज्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतं, त्याला इथे परवानगी नव्हती. त्यामुळे आपल्याकडे प्रश्न तिहेरी झाला. बाहेरून प्रो मागवायचा, घरात आहे तोच पीएस५ किंवा एक्सबॉक्स नीट बसवायचा, की तेवढ्याच पैशांत टीव्हीखाली पीसी ठेवायचा?

उत्तर काहीही निघालं तरी खर्चाचा क्रम बदलत नाही: आधी टीव्ही आणि त्याची सेटिंग्ज, मग एसएसडी, आणि सगळ्यात शेवटी नवं यंत्र. बरेच जण याच्या नेमके उलट जातात. जुन्या ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणाऱ्या) टीव्हीला महागडा प्रो जोडतात आणि मग फरक शोधत बसतात.

आत नेमकं काय वाढलं आहे

पीएस३ पर्यंत कन्सोलचा प्रोसेसर ही स्वतंत्र जात होती. २०१३ मध्ये पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या दोघांनीही एएमडीचा आठ कोअरचा जॅग्वार प्रोसेसर घेतला, म्हणजे पीसीचंच एक्स८६ घराणं. तिथून कन्सोलची अधेमधे सुधारित आवृत्ती काढणं सोपं झालं, कारण जुना गेम नव्या चिपवर जवळपास जसाच्या तसा चालतो. २०१६ च्या पीएस४ प्रोने ग्राफिक्सची ताकद १.८४ वरून ४.२ टेराफ्लॉप्सवर (टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं) नेली. २०१७ चा एक्सबॉक्स वन एक्स १२ जीबी मेमरी घेऊन ६ टेराफ्लॉप्सपर्यंत गेला.

पीएस५ प्रोची कथा तीच आहे, पण आकडे नीट वाचायला हवेत. ग्राफिक्स चिपमधली कॉम्प्युट युनिट्स ३६ वरून ६० झाली, मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ वरून ५७६ जीबी झाला. सोनीने स्वतः सांगितलेली वाढ मात्र ४५ टक्क्यांपर्यंतची आहे. युनिट्स जवळपास दोन-तृतीयांशाने वाढली तरी त्यांना माहिती पुरवणारी मेमरी तेवढी वाढली नाही, म्हणून एकूण वेग मध्ये कुठेतरी अडतो. आणि प्रोसेसर? तो तोच आहे, आठ कोअरचा झेन २. एका मोडमध्ये ३.८५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे पीएस५ च्या ३.५ पेक्षा जेमतेम १० टक्के जास्त.

याचा व्यवहारातला अर्थ समजून घ्या. फ्रेम्स दोन कारणांनी पडतात. ग्राफिक्स चिप दमली तर, किंवा प्रोसेसर दमला तर. पहिल्या आजारावर प्रो औषध आहे, दुसऱ्यावर जवळजवळ नाही. बाल्डर्स गेट ३ चा तिसरा अंक किंवा ड्रॅगन्स डॉग्मा २ मधलं गजबजलेलं शहर ही दुसऱ्या प्रकारची ठळक उदाहरणं आहेत. तिथे प्रत्येक पात्राची हालचाल आणि निर्णय प्रोसेसर मोजत असतो, चित्र काढणं हा मुद्दाच नसतो.

तुमच्या आवडत्या गेमला कोणता आजार आहे, हे प्रो घेण्याआधी घरीच तपासता येतं. व्हीआरआर (पडद्याचा वेग गेमच्या फ्रेम्सप्रमाणे बदलणारी सोय) चालू असलेल्या एलजी किंवा सॅमसंग टीव्हीवर गेम बार उघडला की चालू एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स, दिसतो. गेममधल्या गर्दीच्या चौकात उभे राहा आणि आकडा बघा. मग गेमच्या सेटिंगमध्ये क्वालिटीवरून (चित्राला प्राधान्य) परफॉर्मन्स मोड (वेगाला प्राधान्य) करून त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून परत बघा. आकडा भरपूर वाढला तर ग्राफिक्स चिप अडत होती, प्रोचा उपयोग होईल. परफॉर्मन्स मोडमध्येही ४०-४५ च्या वर हलत नसेल तर प्रोसेसर अडतोय. अशा गेमसाठी पैसे घालायचेच असतील तर ते नव्या प्रोसेसरच्या पीसीत घाला.

टीव्ही: सगळ्यात जास्त फरक इथे पडतो

पीएस५, एक्सबॉक्स सीरीज एक्स आणि आजचं कुठलंही ग्राफिक्स कार्ड ४के चित्र १२० हर्ट्झने देऊ शकतं. टीव्ही ते घेऊ शकतो का, हे खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवरून कळत नाही. '१२० मोशन रेट' वगैरे शब्द पॅनेलचा खरा वेग सांगत नाहीत. तपशिलाच्या पानावर 'नेटिव्ह रिफ्रेश रेट १२० हर्ट्झ', 'व्हीआरआर' आणि 'एएलएलएम' (गेम सुरू होताच गेम मोड आपोआप लावणारी सोय) हे तिन्ही शब्द शोधा.

टीव्ही घरी आला की या क्रमाने जा.

पहिलं, पोर्ट. कित्येक टीव्हींमध्ये चारपैकी दोनच एचडीएमआय पोर्ट पूर्ण वेगाचे असतात, आणि त्यातलाच एक साउंडबारसाठीचा ईएआरसी पोर्ट निघतो. म्हणजे साउंडबार लावला की कन्सोल किंवा पीसी यांपैकी एकालाच चांगला पोर्ट उरतो. मागे पोर्टशेजारी '४के १२०' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, टीव्ही भिंतीवर चढवण्याआधीच ते वाचून ठेवा.

दुसरं, केबल. कन्सोलच्या खोक्यात आलेली केबल वापरा. लांब हवी असेल तर 'अल्ट्रा हाय स्पीड' असं प्रमाणित लेबल असलेलीच घ्या, त्या लेबलवर स्कॅन करायचा कोड असतो. दोन-तीन मीटरच्या पुढे साधी तांब्याची केबल धोक्याची. चित्र अधूनमधून एक सेकंद काळं होणं, पांढरे ठिपके चमकणं ही बहुतेक वेळा केबलचीच लक्षणं असतात.

तिसरं, टीव्हीमधला तो लपलेला स्विच. पोर्ट पूर्ण वेगाचा असला तरी अनेक टीव्हींवर तो बंद अवस्थेत येतो. सॅमसंगवर त्याचं नाव इनपुट सिग्नल प्लस, एलजीवर एचडीएमआय डीप कलर, सोनीवर एचडीएमआय सिग्नल फॉरमॅटमध्ये एन्हान्स्ड. हे प्रत्येक पोर्टसाठी वेगळं चालू करावं लागतं. पोर्ट बदलला की परत करा.

चौथं, गेम मोड. तो बंद असेल तर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत शंभर मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होऊ शकतो. गेम मोडमध्ये तोच आकडा चांगल्या टीव्हीवर १०-१५ वर येतो. हा फरक कुठल्याही प्रो कन्सोलपेक्षा मोठा आहे आणि फुकट आहे.

पाचवं, एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार यांतला जास्त फरक दाखवणारं चित्र. टीव्हीत एचजीआयजी (उजेडाचा हिशेब कन्सोलवर सोडणारा) हा पर्याय असेल तर तो निवडा आणि डायनॅमिक टोन मॅपिंग (टीव्हीने स्वतः उजेड बदलणं) बंद ठेवा. मगच पीएस५ वर सेटिंग्ज, स्क्रीन अँड व्हिडिओ, व्हिडिओ आउटपुट, अॅडजस्ट एचडीआर इथे जाऊन चिन्ह जेमतेम दिसेनासं होईपर्यंत पट्टी सरकवा. क्रम उलटा झाला तर कन्सोल आणि टीव्ही दोघंही आपापल्या परीने उजेड वाढवतात आणि ढग, दिवे, बर्फ यांतला तपशील धुऊन निघतो.

आता खात्री करा. पीएस५ च्या व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशनमध्ये २१६० आणि १२० हर्ट्झ दिसायला हवं. सोबत वाययूव्ही ४२२ दिसलं तर घाबरू नका. पीएस५ ची एचडीएमआय वाट ३२ गिगाबिटची आहे, ४८ ची नाही, म्हणून ४के १२० ला रंगाची माहिती थोडी दाबून पाठवली जाते. सोफ्यावरून ते कळत नाही.

मॉनिटर वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. स्वस्त मॉनिटरवर लिहिलेलं 'फ्रीसिंक' (एएमडीचं व्हीआरआर) एक्सबॉक्सला चालतं, पीएस५ ला नाही. पीएस५ फक्त एचडीएमआय २.१ चं व्हीआरआर ओळखतो. १४४०पी मॉनिटर मात्र पीएस५ ला सप्टेंबर २०२२ पासून चालतो.

३०, ४०, ६०: कोणता मोड निवडावा

६० हर्ट्झच्या टीव्हीवर निवड सरळ आहे, ३० किंवा ६०. १२० हर्ट्झचा टीव्ही घेण्याचं खरं कारण १२० एफपीएस नव्हे, ४० एफपीएस आहे. ३० एफपीएसला प्रत्येक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद दिसते, ६० ला १६.७. या दोहोंच्या बरोबर मध्ये २५ मिलिसेकंद येतात, आणि २५ म्हणजे ४० एफपीएस. ४० ने १२० ला नि:शेष भाग जातो, म्हणून प्रत्येक फ्रेम पडद्याच्या तीन फेऱ्या टिकते आणि चाल समान राहते. ६० हर्ट्झवर हे जमत नाही. रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्टमध्ये हा मोड आला आणि मग इतरांनीही उचलला. गोष्टीवर चालणारे, सावकाश फिरत खेळायचे गेम असतील तर आमची पहिली पसंती हाच मोड.

व्हीआरआर म्हणजे पडदा फ्रेमची वाट बघतो, फ्रेम पडद्याची नाही. त्यामुळे ६० चे ५३ झाले तरी हिसका बसत नाही आणि चित्र आडवं फाटत नाही. पण पीएस५ वर त्याची खालची मर्यादा ४८ हर्ट्झ आहे. गेम त्याखाली घसरला की अडखळणं परत दिसायला लागतं. म्हणून ४० ते ४८ मध्ये लोंबकळणाऱ्या मोडपेक्षा पक्का ४० बरा. पीएस५ ने प्रत्येक नवा गेम आपोआप परफॉर्मन्स मोडमध्ये सुरू करावा असं वाटत असेल तर सेटिंग्जमध्ये गेम प्रीसेट्स शोधा, तिथे एकदाच सांगून ठेवता येतं.

प्रोमधलं पीएसएसआर, एनव्हिडियाचं डीएलएसएस आणि एएमडीचं एफएसआर ४ हे तिघे एकाच कामाचे: कमी रेझोल्यूशनचं चित्र काढायचं आणि यंत्रशिक्षणाने ते ४के सारखं करायचं. पीएस४ प्रोच्या चेकरबोर्ड पद्धतीपासून (एकाआड एक ठिपके काढून उरलेले अंदाजाने भरणं) ही वाट सुरू झाली आणि आज कन्सोल व पीसीतलं अंतर याच जागी सगळ्यात कमी उरलं आहे. पानं, केस, जाळी अशा बारीक गोष्टी चालताना चमचमत असतील तर आधी एक पायरी खालचा मोड लावून बघा. कित्येकदा मूळ रेझोल्यूशन फारच कमी असल्याने अपस्केलर चुकतो.

पीएस५ मध्ये एम.२ एसएसडी बसवणं

पहिल्या पीएस५ च्या ८२५ जीबीपैकी वापरायला ६६७ च मिळतात. शंभर जीबीचे पाच-सहा गेम टाकले की संपलं. सोनीने सप्टेंबर २०२१ पासून आतला रिकामा स्लॉट खुला केला. पीसीच्या दुकानात मिळणारी एसएसडीच त्यात बसते, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जी पीसीसाठी घ्याल तीच.

घेताना काय बघायचं: पीसीआयई जेन ४, एनव्हीएमई, एम की. वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त. क्षमता २५० जीबी ते ८ टीबी. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) हवीच, आणि हीटसिंकसह एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत, रुंदी २५ च्या आत. बोर्डाच्या वर ८ मिलिमीटर आणि खाली २.४५ एवढीच जागा असते. गेमिंग मदरबोर्डसाठी विकल्या जाणाऱ्या उंच पंख्यांच्या हीटसिंक इथे बसत नाहीत. जेन ३ ची एसएसडी बसते, पण कन्सोल ती नाकारतो. जेन ५ ची चालते, पण वेग जेन ४ एवढाच मिळतो आणि तापते जास्त, म्हणजे पैसे वाया. संशयास्पद स्वस्त एसएसडी मिळाली तर आधी पीसीला लावून पूर्ण भरून तपासा. लेबल २ टीबीचं आणि आत २५६ जीबी, असा माल बाजारात फिरतो.

लागणारी हत्यारं: १ नंबरचा स्टार स्क्रूड्रायव्हर आणि चांगला उजेड. एवढंच.

१. आधी सिस्टिम सॉफ्टवेअर ताजं करा. मग कन्सोल पूर्ण बंद करा, रेस्ट मोडमध्ये नाही. सगळ्या वायरी काढा आणि पाऊणएक तास निवू द्या.

२. टेबलावर मऊ फडकं पसरून त्यावर कन्सोल आडवा ठेवा. स्लॉट ज्या बाजूला आहे त्या बाजूचं पांढरं कव्हर काढा. कोपरा हलका उचलून सरकवायचं असतं, ओढायचं नसतं. टक्क असा आवाज येतो, तो तुटल्याचा नाही. पहिल्या पीएस५ चं कव्हर एकसंध आहे, स्लिममध्ये ते दोन तुकड्यांत येतं.

३. स्लॉटच्या लांबट झाकणाचा एक स्क्रू काढा. आत दुसरा स्क्रू आणि त्याखाली बारीक कडी दिसेल. ही कडी हरवू नका. एसएसडीच्या लांबीप्रमाणे ती योग्य भोकावर ठेवायची. बाजारातल्या बहुतेक एसएसडी ८० मिलिमीटरच्या असतात, तेव्हा ८० लिहिलेलं भोक.

४. एसएसडीची खाच स्लॉटच्या खाचेशी जुळवून तिरकी आत सरकवा. सोनेरी पट्टी जवळपास पूर्ण आत गेली पाहिजे. मग दुसरं टोक खाली दाबून स्क्रू लावा. हाताला घट्ट लागला की थांबा.

५. झाकण, मग कव्हर. वायरी जोडून चालू करा. फॉरमॅटचा पडदा आपोआप येतो, शेवटी मोजलेला वेग दिसतो.

पडदा आला नाही तर दहापैकी नऊ वेळा एसएसडी पूर्ण आत गेलेली नसते. बंद करून परत बसवा. फॉरमॅट झाल्यावर सेटिंग्ज, स्टोरेजमध्ये इन्स्टॉलेशन लोकेशन एम.२ करा, नाहीतर नवे गेम जुन्याच जागी जात राहतील. तुमचे सेव्ह मात्र कन्सोलच्या मूळ स्टोरेजमध्येच राहतात.

यूएसबीची हार्ड डिस्क असेल तर तिच्यावरून पीएस४ चे गेम थेट खेळता येतात, पीएस५ चे फक्त साठवता येतात. डाउनलोड परत करण्यापेक्षा यूएसबीवरून आत आणणं केव्हाही लवकर होतं. एक्सबॉक्स सीरीजमध्ये हा सगळा खटाटोप नाही. तिथे मागच्या खाचेत त्यांचंच एक्स्पान्शन कार्ड खोचायचं. सोपं आहे, पण तेवढ्याच क्षमतेच्या एम.२ पेक्षा महाग पडतं.

टीव्हीखालचा पीसी

आता उलट बाजू. पीसी ताकदीने पुढे गेला तरी हॉलमध्ये तो कन्सोलसारखा वागत नाही, त्याला वागायला शिकवावं लागतं.

सुट्या भागांची एक समतोल यादी अशी: रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा छोटा मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५-६००० रॅम दोन पट्ट्यांत, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी किंवा आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, २ टीबी जेन ४ एसएसडी, ६५० वॉटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग). या दोन्ही कार्डांच्या ८ जीबीच्या आवृत्त्या स्वस्त दिसतात, पण त्या टाळा. पीएस५ मध्ये एकूण १६ जीबी मेमरी आहे आणि गेमना त्यातली साडेबाराच्या आसपास मिळते, त्यामुळे आजचे गेम त्या मापाने बनतात. ८ जीबीच्या कार्डावर तेच टेक्स्चर मावत नाहीत, मग भिंती धूसर राहतात किंवा वळताना धक्का बसतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. ३२ परवडत नसेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या, १६ ची एकच पट्टी नको. एका पट्टीवर मेमरीचा वेग निम्मा होतो.

पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरतात आणि पडदा कित्येक मिनिटं काळाच राहतो. एएम५ बोर्ड (या रायझनसाठीचा मदरबोर्ड) डीडीआर५ रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका, दहा-पंधरा मिनिटं द्या. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमचा पूर्ण वेग, चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहील. तिथेच रिसायझेबल बारही (प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू आहे का ते बघा.

विंडोज टाकल्यावर तीन गोष्टी लगेच. डिस्प्लेच्या अॅडव्हान्स्ड पानावर रिफ्रेश रेट हाताने १२० करा, तो बहुतेक वेळा ६० वरच राहिलेला असतो. टीव्हीवर त्या पोर्टचं नाव किंवा चिन्ह 'पीसी' करा, म्हणजे अक्षरांच्या कडा रंगीत दिसणार नाहीत. आणि साइन-इनच्या पर्यायांत झोपेतून उठल्यावर पासवर्ड न विचारण्याचं सांगा. त्यानंतर स्टीम (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान आणि अॅप) विंडोजसोबत सुरू होऊन थेट बिग पिक्चर मोडमध्ये (टीव्हीसाठीच्या मोठ्या अक्षरांच्या पडद्यावर) उघडेल असं लावा. तरीही आठवड्यातून एकदा विंडोज एखादी चौकट पुढे करेलच. टचपॅड असलेला छोटा वायरलेस कीबोर्ड सोफ्याजवळ असू द्या.

फ्रेमची मर्यादा ११६ वर बांधा, १२० वर नाही. बरोबर १२० ला गेम व्हीआरआरच्या वरच्या कडेवर आदळतो आणि उशीर वाढतो. थोडं खाली ठेवलं की तो कायम व्हीआरआरच्या आत राहतो.

विंडोज नकोच असेल तर स्टीमओएसच्या (स्टीमच्या स्वतःच्या लिनक्स प्रणालीच्या) धर्तीवरचं बॅझाइट ही लिनक्स प्रणाली उत्तम पर्याय आहे. ते चालू होतं ते थेट गेमच्या पडद्यावर, कंट्रोलरने सगळं चालतं, बटण दाबलं की झोपतं, परत दाबलं की गेम तिथूनच सुरू. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातात धरायच्या पीसीमुळे लिनक्सवर गेम चालणं ही आता रोजची गोष्ट झाली आहे. पण दोन अडचणी आधीच समजून घ्या, पैसे गेल्यावर नाही.

एक, एचडीएमआय फोरमने (एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने) एएमडीच्या खुल्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणायला मान्यता नाकारली, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड झालं. त्यामुळे एएमडीचं रेडिऑन कार्ड (वरच्या यादीतलं आरएक्स) २.१ चं असूनही लिनक्सवर टीव्हीला २.० च्या वेगानेच बोलतं. तुम्ही टाकणार असलेल्या आवृत्तीत हे सुटलं आहे का ते बघा. सुटलं नसेल तर डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय २.१ करणारा सक्रिय अॅडॅप्टर लागतो. त्याने ४के १२० मिळतं, व्हीआरआर मात्र प्रत्येक अॅडॅप्टरवर चालत नाही. विंडोजवर ही अडचण नाही.

दोन, अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन गेममधली फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर. व्हॅलोरंट, फोर्टनाइट, नवे कॉल ऑफ ड्यूटी, बॅटलफिल्ड ६, ईए एफसी हे लिनक्सवर चालत नाहीत. मित्रांचा गट यातलं काही खेळत असेल तर विंडोज किंवा कन्सोल, तिसरा मार्ग नाही.

नव्या गेमला पीसीवर पहिल्या तासात वारंवार झटके बसतात, ही सगळ्यात मोठी तक्रार. कारण साधं आहे. कन्सोलची चिप सगळ्यांकडे एकच असते, म्हणून शेडर (चित्र कसं रंगवायचं ते चिपला सांगणारे छोटे प्रोग्राम) कंपनीतच तयार करून पाठवता येतात. पीसीत प्रत्येकाचं कार्ड आणि ड्रायव्हर वेगळा, म्हणून ते काम तुमच्या घरी होतं. गेम 'शेडर तयार करत आहे' असं म्हणेल तेव्हा ती पट्टी पूर्ण होऊ द्या, वगळू नका. ड्रायव्हर बदलला की हे परत होतं. म्हणून चालू गेम संपेपर्यंत कारणाशिवाय ड्रायव्हर बदलू नका.

कंट्रोलर कन्सोलचाच चालेल. पीएस५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरचे ताणणारे ट्रिगर आणि बारीक कंपनं पीसीवर नीट हवी असतील तर यूएसबी केबलने जोडा, ब्लूटूथवर कंपनं मर्यादित होतात. आणि पीसी सहसा टीव्ही आपोआप चालू-बंद करत नाही, कारण ग्राफिक्स कार्डांमध्ये एचडीएमआय-सीईसी (केबलवरून टीव्हीला हुकूम देण्याची सोय) नसतं. त्यासाठी यूएसबीला लावायचा वेगळा सीईसी अॅडॅप्टर मिळतो, नाहीतर रिमोट हातात घ्यावा लागतो.

उष्णता, धूळ, वीज

पीएस५ साठी सोनीने दिलेलं तापमान ५ ते ३५ अंश आहे. नागपूर-चंद्रपूरकडच्या एप्रिल-मे मध्ये बंद खोली दुपारी सहज त्यापुढे जाते, तेव्हा पंखा ओरडणं किंवा तापल्याची सूचना येणं हा बिघाड नव्हे. काचेच्या दाराच्या टीव्ही युनिटमध्ये कन्सोल ठेवू नका. भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर जागा सोडा. एक्सबॉक्स सीरीज एक्स गरम हवा वरून सोडतो, त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवणं म्हणजे चूल झाकणं.

पीएस५ चं कव्हर काढल्यावर धूळ साठवणारी दोन भोकं दिसतात. दोन-तीन महिन्यांनी व्हॅक्यूमने हलकेच ओढून घ्या. पंख्यावर ब्लोअर मारायचा असेल तर पातं बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरवलं तर बेअरिंग खराब होतं. याच्या पुढे उघडू नका. पीएस५ मध्ये चिपवर द्रवरूप धातू आहे, तो सांडला तर बोर्ड जातो.

वीज जाणाऱ्या भागात युपीएस चैनीची गोष्ट नाही. पीएस५ गेम चालू असताना साधारण २०० वॉट घेतो, ५५ इंची टीव्ही शंभर ते दीडशे. ६०० व्हीएचा साधा युपीएस ३६० वॉटपर्यंत पेलतो, म्हणजे सेव्ह करून बंद करायला पुरतो, खेळत राहायला नाही. वर दिलेल्या पीसीला १००० व्हीएचा आणि शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा घ्या. पायरीसारखी लहर देणाऱ्या युपीएसवर काही एसएमपीएस वीज जाताच बंद पडतात, मग युपीएस असून उपयोग नाही.

मध्येच वीज गेली आणि पीएस५ अडकला तर कन्सोल बंद करा, पॉवरचं बटण दुसरी पीप वाजेपर्यंत, साधारण सात सेकंद दाबून ठेवा आणि कंट्रोलर केबलने जोडा. सेफ मोडमधला पाचवा पर्याय कॅशे साफ करून डेटाबेस परत बांधतो. त्याने गेम आणि सेव्ह जात नाहीत. सहावा पर्याय सगळं पुसतो, त्यामुळे घाईत चुकून तिथे जाऊ नका. टीव्ही बदलल्यावर पडदा काळा राहिला तर याच यादीतला दुसरा पर्याय व्हिडिओ आउटपुट बदलू देतो.

बाहेरून मागवताना आणि हिशेब करताना

बाहेरून आणलेला प्रो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, प्लगपुरती बदली केली की झालं. वॉरंटी मात्र इथे मिळेल असं धरू नका. विकत घेताना दुकानात किमान अर्धा तास जड गेम चालवून पंख्याचा आवाज ऐका. सोबत डिस्क ड्राइव्ह घेत असाल तर तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, हे लक्षात ठेवा. पीएस५ च्या डिस्क कुठल्याही देशाच्या चालतात, पण त्यावरचा अधिकचा मजकूर विकत घेताना डिस्कचा आणि तुमच्या खात्याचा प्रदेश एकच लागतो. खात्याचा प्रदेश नंतर बदलता येत नाही.

डिस्क जुनी घेऊन, संपवून परत विकणाऱ्याला डिस्क ड्राइव्हचा कन्सोल अजूनही सगळ्यात स्वस्त पडतो. पीसीवर डिस्कच नाही, पण ऑनलाइन खेळायला वर्गणी लागत नाही आणि स्टीमवर रुपयांत भाव व मोठे सेल मिळतात. पाच वर्षांची पीएस प्लसची (पीएस५ वर ऑनलाइन खेळण्यासाठीची) वर्गणी जोडून बघा. दोघांच्या किमतीतला फरक बराच आटतो. सोनीचे स्वतःचे गेमही पीसीवर येतात: होरायझन झिरो डॉन २०२० मध्ये, गॉड ऑफ वॉर २०२२ मध्ये, आणि हेलडायव्हर्स २ तर ८ फेब्रुवारी २०२४ ला दोन्हीकडे एकाच दिवशी आला. एक्सबॉक्सचे बहुतेक सगळे गेम आधीपासून विंडोजवर येतात. तेव्हा घरात कामापुरता चांगला पीसी असेल तर त्याला १६ जीबीचं कार्ड घालून जोडीला साधा, डिस्कवाला पीएस५ ठेवणं हे आमच्या मते एकट्या प्रोपेक्षा जास्त गेम हाताशी आणतं. पीसी आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स दोन्ही एकत्र घेण्यात मात्र हशील नाही.